मावशीचा स्वभाव

यंत्राचं वर्णन लिहिणं आणि बाळाला पहिल्यांदा पाळणाघरात सोडताना तिथल्या ताईंना चार गोष्टी सांगणं, यात मला फारसा फरक वाटत नाही. बाळाचं जन्माच्या वेळचं वजन त्या ताईंना नको असतं. ते कधी किरकिरतं, कशाने दचकतं, कुठल्या कुशीवर झोपतं, ते त्यांना हवं असतं. माझी रेवू मिक्सरच्या आवाजाने रडते आणि ढगांच्या गडगडाटाला हसते. हे कुठल्या फाइलीत नसतं, पण माहीत नसेल तर दिवस निभत नाही.

सामायिक भूविज्ञान सूचीत मी वर्णनकार आहे. राज्यातल्या आणि शेजारच्या गोव्यातल्या भूविज्ञान प्रयोगशाळा, त्यांतली उपकरणं, खडक कापायच्या करवतीपासून भूकंपमापकापर्यंत सगळं एका जागी नोंदवायचं, हे माझं काम. सुरुवातीला हेतू साधा होता. नांदेडच्या मुलीला दगडाची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली बघायची असेल, तर रत्नागिरीचं सूक्ष्मदर्शक मोकळं आहे हे तिला घरबसल्या कळावं. मग पुण्याच्या नुसरत काझींनी सांधणीचं गणित मांडलं, आणि सूचीची नुसती यादी राहिली नाही.

सांधणी मी अशी समजावते. लांबवर कुणीतरी गातंय आणि ऐकायला पन्नास माणसं बसलीत. एकाचा डावा कान गेलाय, दुसऱ्याच्या कानात सारखी शिट्टी वाजते, तिसऱ्याला वरचे सूर ऐकूच येत नाहीत. एकट्याच्या भरवशावर गाणं लागत नाही. पण प्रत्येकाने आपल्या कानात काय बिघाड आहे ते खरं सांगितलं, तर तेवढा बिघाड वजा करून पन्नासांचं ऐकलेलं एकत्र सांधता येतं, आणि त्यांच्यातल्या कुणालाच आलं नसतं इतकं स्वच्छ गाणं कानावर येतं. छोट्या छोट्या कॉलेजांतली जुनी यंत्रं अशी जोडली, की त्यांचं मिळून एकच प्रचंड यंत्र होतं. चूक असली तरी सांधणीला चालते. लपवलेली चूक चालत नाही.

म्हणून सूचीत 'स्वभाव' असा एक रकाना होता. तो भरून घेणं ही माझी जबाबदारी, आणि तिथे बहुतेकांचं एकच उत्तर येई: 'उत्तम स्थितीत.' लग्नाच्या स्थळात मुलीला लिहितात तसं. गोरी, गृहकृत्यदक्ष, उत्तम स्थितीत.

सगळ्यांत ठाम 'उत्तम स्थितीत' माझ्या वडिलांचं होतं.

अण्णा, म्हणजे प्राध्यापक दिनकर शेलार, मोरघाट कॉलेजच्या भूविज्ञान विभागाचे प्रमुख आणि एकमेव प्राध्यापक. त्यांच्या प्रयोगशाळेत एक गुरुत्वमापक आहे. माझा जन्म झाला त्या वर्षी आला. मुलं त्याला मावशी म्हणतात, कारण कोपऱ्यात बसून सगळं बघतं आणि काही बोलत नाही. आत एका नाजूक स्प्रिंगला वजन टांगलेलं आहे. यंत्राखाली किंवा आसपासच्या डोंगरात पाणी भरलं तर जमिनीची ओढ केसाच्या हजाराव्या भागाएवढी बदलते आणि तो बदल मावशीला कळतो. निदान कळायला हवा.

नवरात्र चालू होतं. परतीचा पाऊस घाटावर बसला होता तो हलायला तयार नव्हता. नुसरतमॅडमनी मला रेवूसकट माहेरी पिटाळलं.

"अबोली, शेलारसरांचं यंत्र सांधणी घेतच नाही," त्या फोनवर म्हणाल्या. "वर्णनात दोष शून्य आणि आकडे मात्र भलतीकडे. खोटं बोलणारा साक्षीदार समजून ती त्याला बाहेर काढते. आणि पाखाडीच्या डोंगराच्या पश्चिमेला जवळपास दुसरं यंत्रच नाही गं. पूर्वेचे कान आहेत, पश्चिमेचा नाही. अर्धाच डोंगर दिसतोय."

पाखाडीच्या डोंगराच्या पश्चिम उतारावर उंबरमुरा आहे. दोन आळ्या, एक शाळा, गोठे.

मी प्रयोगशाळेत शिरले तेव्हा उंबरमुऱ्याच्या सरपंच सारिकावहिनी ढेबे तिथेच बसल्या होत्या. पायात गमबूट, खांद्यावर भिजलेलं इरलं. एके काळी अण्णांच्याच हाताखाली शिकलेल्या. लग्नानंतर शेवटचं वर्ष राहून गेलं, ते राहूनच गेलं.

"ये गं," त्या म्हणाल्या आणि रेवूच्या गालाला थंडगार बोट लावलं. रेवूने तोंड वाकडं केलं. "बघ, आजोबांवर गेलीय. सर पण असंच बघत्यात, मी काय मागितलं की."

"काय मागितलंत?"

"बाजू." त्यांनी खिडकीकडे हात केला. बाहेर डोंगर नव्हताच, नुसतं धुकं होतं. "वरच्या रस्त्याला भेग गेलीय. प्रांतसाहेब म्हणत्यात वाडी हलवा. गेल्या साली भादव्यात हलवली की. सगळी माणसं हॉलमधी कोंबली, काय पडलं न्हाई, आणि माघारी गेलो तर डुकरांनी भात लोळवून ठेवल्यालं. आता धोका-धोका म्हणून कुणी उठत न्हाई ताई. खालच्या आळीला वाटतं वरची आळी पडल, वरचीला वाटतं खालची. कुठली बाजू सुटणार ते नेमकं सांगा, मी वाडी हलवून दावते. माझी दोन्ही पोरं त्याच शाळेत हायेत, मला काय हौस हाय का?"

सारिकावहिनी उठल्या, मावशीकडे बघून "येते गं" म्हणाल्या आणि पावसात गेल्या.

मी रेवूला सतरंजीवर सोडलं आणि खोली बघायला लागले. वर्णनकाराची सवय. खिडक्यांना आतून ओली गोणपाटं लावलेली. पाऊस असा कोसळतोय आणि गोणपाटं कशाला? मावशीच्या पेटीभोवती जुनी गोधडी गुंडाळलेली. ती माझीच होती, लहानपणची, निळ्या काठाची.

"अण्णा, हिला ऊन सोसत नाही ना?"

"यंत्र उत्तम स्थितीत आहे."

"आतली गरम पेटी बिघडलीय. स्प्रिंगचं तापमान सारखं राहत नाही. खोली तापली की ही उगाच वजन वाढल्याचं सांगते. बरोबर?"

"अबोली, तू सूचीची माणूस म्हणून आलीयस की माझी मुलगी म्हणून?"

"दोघी एकाच बसने आल्या."

ते हसले नाहीत. खुर्चीत बसले, आणि एकदम म्हातारे दिसले. "शिरवळीच्या सावंतांनी खरं लिहिलं होतं. 'उपकरण जुने, अचूकता कमी.' दुसऱ्या वर्षी यंत्र भंगारात आणि प्रयोगशाळेत झेरॉक्सचं दुकान. एकदा दोष लिहिला की वर बसलेल्यांना तेवढाच दिसतो. ही खोली बंद झाली तर या घाटातल्या पोरांनी दगड कुठे बघायचे? पुण्याला जाऊन?"

ते चूक नव्हते. रेवूने तेवढ्यात मावशीच्या पायाशी पडलेली झेंडूची वाळकी पाकळी उचलून तोंडात घातली. मी ती काढून घेतली. झेंडू? प्रयोगशाळेत?

त्या दुपारी रेवू झोपल्यावर मी मावशीच्या मागच्या सगळ्या नोंदींचा आलेख पडद्यावर पसरला. वरखाली जाणारी रेघ. उन्हाळ्यात एक सूर, पावसात दुसरा. अडचण तिथेच होती. पावसाळ्यात हवा गार होते आणि त्याच वेळी डोंगरात पाणीही भरतं. दोन्ही एकदम बदलतात. मग काटा हलला तो पाण्यामुळे की हवेमुळे, हे वेगळं कसं करायचं? दोन बायका एकाच वेळी बोलायला लागल्या तर कुणाचं काय ते कळत नाही, तसं.

आणि मग मला ते उंचवटे दिसले. दर वर्षी एक. आश्विनात, संध्याकाळी. हळूहळू चढणारा, तितकाच हळू उतरणारा, दर वर्षी हुबेहूब तसाच. टेकडीसारखा गोल.

"अण्णा, हे काय आहे?"

त्यांनी चष्मा वर केला आणि चक्क लाजले. माझ्या वडिलांना लाजताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"ते काही नाही. ते घरगुती आहे."

"म्हणजे?"

"खंडेनवमी. माझे वडील नांगराची पूजा करायचे. माझ्याकडे नांगर नाही, ही आहे. त्या दिवशी मी हिला हात लावत नाही, पोरांनाही लावू देत नाही. फुलं वाहतो आणि समई लावतो. दार लावून. विज्ञानाचा प्राध्यापक यंत्रापुढे समई लावतो हे चार लोकांत सांगण्यासारखं आहे का?"

"कुठली समई?"

"तुझ्या आईची. पाच वाती. त्याच कोनाड्यात ठेवतो, दुसरीकडे जागा कुठेय?"

मी उठून उभी राहिले. तीच समई. तेवढ्याच वाती. तोच कोनाडा. माणसांची ये-जा बंद, यंत्राला कुणाचा हात नाही. पाऊस असो नसो, डोंगरात पाणी असो नसो, दर वर्षी एका संध्याकाळी मावशीला फक्त ऊब मिळते. शुद्ध, मोजकी, एकटी ऊब. आणि ती लागल्यावर मावशी काय करते ते दर वर्षी नोंदलं गेलंय.

"अण्णा! एखाद्याने मुद्दाम ठरवून केला असता तरी इतका चोख प्रयोग झाला नसता! उष्णतेने ही किती बहकते ते या टेकडीतच आहे. तेवढं वजा केलं, की उरतं ते नुसतं पाणी!"

अण्णा पडद्याकडे बघत राहिले. मग सावकाश म्हणाले, "मी तर ती टेकडी दर वर्षी पुसायचा विचार करायचो."

"आणि?"

"आईची समई होती ना. पुसवेना."

नुसरतमॅडमना फोन केला तर त्या आधी ओरडल्या, मग हसल्या, मग पुन्हा वैज्ञानिक झाल्या. "एकट्या मावशीने भागणार नाही. बाकीची यंत्रं तरी कुठे धुतल्या तांदळासारखी आहेत? सगळ्यांनी 'उत्तम' लिहिलंय. त्यांची पण ऊब-चाचणी मिळाली तर पूर्ण डोंगर दिसेल. पण आयत्या वेळी इतक्या ठिकाणी सारखी उपकरणं कुठून धाडू?"

"धाडायची नाहीतच," मी म्हटलं. "उद्या खंडेनवमी आहे."

"बाई गं," त्या म्हणाल्या.

निरोप मी लिहिला. पण तो पाठवायच्या आधी कुणीतरी स्वतःचं खरं लिहायला हवं होतं, नाहीतर कोण ऐकणार? मी पडद्यावर मावशीचं पान उघडलं. स्वभावाच्या रकान्यात 'उत्तम स्थितीत' बसलं होतं, ताठ, इस्त्री केलेलं. मी खुर्ची अण्णांपुढे सरकवली आणि रेवूला कडेवर घेऊन खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. त्यांच्याकडे बघितलं नाही. पायजम्याची नाडी बांधताना माणसाकडे बघू नये, तसंच हे.

मग टकटक सुरू झाली.

त्यांनी लिहिलं होतं: 'हिला ऊन सोसत नाही. खोली तापली की जड झाल्यासारखं वाटतं. पण दर वेळी तेवढंच, कधी कमी नाही की जास्त नाही. मोठ्याने दार लावलेलं आवडत नाही. हे सगळं मी आजवर लिहिलं नव्हतं. दि. शेलार.'

त्याखाली माझा निरोप गेला. घाटालगतच्या सर्व प्रयोगशाळांना विनंती: उद्या दिवेलागणीला गुरुत्वमापकाची पूजा करताना दिवा कुठे ठेवला, वाती किती, किती वेळ जळला, एवढं सूचीत लिहा. पूजा करत नसाल तर दुसरी कुठलीही ऊब चालेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णांनी स्वच्छ धोतर नेसलं. समई घासून ठेवली होती. झेंडूची माळ मी केली, अर्धी रेवूने सोडवली. वाती पेटल्या आणि त्याच वेळी पडद्यावर नोंदी यायला लागल्या. एक आली, मागून दुसरी, मग भराभर, पापड तळताना फुलतात तशा.

'पितळी निरांजन, दोन वाती, टेबलाच्या डाव्या कडेला. यंत्र तसे चांगले पण सकाळी आळसावते.' 'आमच्याकडे पूजा नाही. चहाची किटली झाकण लावून ठेवली आहे.' मडगावहून: 'मोठी मेणबत्ती. आमच्या यंत्राचा एक पाय लंगडा आहे, हे यापूर्वी कळवायचे राहिले.' चिपळूणच्या बाईंनी इडलीचं भांडं ठेवलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'शेलारसर, बरं झालं तुम्ही आधी लिहिलंत.' नुसरतमॅडमनी आपल्या यंत्राशेजारी गरम पाण्याची पिशवी ठेवली: 'कंबरेची आहे. यंत्रालाही बरं वाटतंय.'

अण्णा एकेक नोंद मोठ्याने वाचत होते. प्रत्येक यंत्र बिघडलेलं होतं. प्रत्येकजण आजवर एकटा, दार लावून, गोधडी गुंडाळून बसला होता.

"काय रे देवा," अण्णा म्हणाले, आणि आता ते हसत होते. "सगळ्यांच्या घरात एक मावशी!"

समई शांत होता होता नुसरतमॅडमनी सगळं सांधलं आणि पडद्यावर डोंगर उभा राहिला.

इतक्या वर्षांत पाखाडीचा डोंगर आतून कुणी पाहिला नव्हता. काळ्या खडकाचे थर एकावर एक, भाकऱ्यांच्या चळतीसारखे, आणि दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पातळ पट्टा. काळ्या कातळाच्या भेगांतून पाणी उतरतं, तांबड्या मातीपाशी अडतं आणि तिला साबणासारखी निसरडी करतं. पडद्यावर पाणी निळं दाखवलं होतं. पूर्वेच्या बाजूला निळ्याची नुसती रेघ होती. पश्चिमेला, खालची आळी आणि शाळा यांच्या बरोबर वर, निळ्याचं भलंमोठं पोट सुटलं होतं.

वरची आळी त्याच्या बाजूला, अखंड कातळावर होती. तिथे काही नव्हतं.

सारिकावहिनींना फोन लावला. मी बाजू सांगितली.

"कोण म्हणतंय? पुण्याचं कम्पुटर?"

अण्णांनी फोन माझ्या हातातून घेतला. "सारिका, मावशी म्हणतेय."

"सर, तुमची मावशी उन्हाळ्यात थापा मारायची. आमी पोरी हसायचो, तुमच्या माघारी."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे पोरींना सुद्धा माहीत होतं. "ती कुठे थाप मारते ते आता मोजून लिहून टाकलंय," ते म्हणाले. "ते वजा करून सांगतोय. खालची आळी आणि शाळा. माझी मुलगी आणि नात इथे बाजूला आहेत, त्यांच्यासमोर सांगतोय."

"बरं," वहिनी म्हणाल्या. आवाज बदलला होता. "पर हलवा म्हटलं की वरची आळी म्हणंल, आमी कशाला? आणि खालची म्हणंल, ती न्हाई तर आमी बी न्हाई. गेल्या सालची भांडणं हायेत." मग एकदम म्हणाल्या, "उद्या काय हाय?"

"दसरा."

"मग झालं की! सीमोल्लंघनाला तर सगळी वाडी वेस ओलांडतीच. बैल सजवून, म्हाताऱ्यांना घेऊन. उद्या आमी लांबचं सोनं लुटायला येतो सर. तुमच्या कॉलेजच्या मैदानावर आपट्याची झाडं हायेत ना?"

"दोन आहेत."

"पुरे की. आणि माघारी कधी जायचं ते तुमच्या मावशीला इचारून ठरवू."

दसऱ्याला सकाळी घाटरस्त्यावरून उंबरमुरा खाली आला. पावसाची भुरभुर चालू होती. पुढे हलगी, मागे शिंगांना गोंडे बांधलेले बैल, म्हशी, टोपल्यांत कोंबड्या, ट्रॅक्टरवर अंथरुणासकट म्हाताऱ्या, दप्तरांसकट पोरं. वरची आळी आणि खालची आळी वेगवेगळी चालत होती, पण चालत होती. सारिकावहिनी सगळ्यांच्या मागे होत्या, एकही घर उघडं राहिलं नाही ना ते बघून निघालेल्या. प्रांतसाहेब जीपमधून उतरले आणि तोंड उघडं टाकून बघत राहिले. त्यांच्या नोटिशीने जे झालं नव्हतं ते हलगीने झालं होतं.

दुपारी मैदानात पंगत बसली. मी प्रयोगशाळेत रेवूला पाजत होते. एकदम मावशीची रेघ थरथरली. हळूच, झोपेत कुणी कूस बदलावी तशी. मग ती सरळ खाली गेली.

आवाज नंतर आला. लांबून, ढगांच्या गडगडाटासारखा, फक्त न संपणारा.

रेवू हसली.

मी तिला घेऊन मैदानात धावले. सगळे उभे राहून डोंगराकडे बघत होते. धुकं फाटलं होतं, आणि पश्चिम उतारावर तांबडी जखम दिसत होती, नेमकी तिथे, जिथे पडद्यावर निळं होतं. शाळा नव्हती. खालची आळी नव्हती. वरच्या आळीची कौलं तशीच्या तशी होती. खालच्या आळीतली एक बाई मटकन खाली बसली, आणि तिला धरायला वरच्या आळीतली बाई धावली. मग दोघींनी मिळून पोरांना नावं घेऊन हाका मारायला सुरुवात केली. प्रत्येक नावाला 'ओ' आला. शेवटच्या नावापर्यंत. शेवटच्या 'ओ'नंतर कुणीतरी हलगीवर थाप मारली, आणि मग ती थांबलीच नाही.

घरं पुन्हा बांधायची होती. ती वरच्या आळीला लागून, कातळावर बांधायची असं त्या पंगतीतच ठरलं, आणि जागेचं भांडणही तिथेच सुरू झालं. इतकं जिवंत भांडण मी कधी ऐकलं नव्हतं.

सारिकावहिनी ओल्या पायांनी प्रयोगशाळेत आल्या. मुठीत आपट्याची पानं होती. आधी अण्णांच्या पाया पडल्या, मग थेट मावशीसमोर गेल्या आणि पेटीवर पानं ठेवायला हात पुढे केला.

"अगं, वर नको!" अण्णा ओरडले. "तिला कळतं ते!"

"पानाचं बी?"

"धक्का लागलेला कळतो. बाजूला ठेव."

वहिनींनी पानं समईजवळ ठेवली. एक पान त्यांनी रेवूच्या हातात दिलं. रेवूने ते लगेच तोंडाकडे नेलं.

पडद्यावर मावशीच्या पानाखाली सगळीकडून निरोप येत होते. मडगाव, चिपळूण, शिरवळीचे सावंतसर सुद्धा: 'माझं यंत्र भंगारवाल्याने अजून मोडलेलं नाही. परत आणतोय. स्वभाव लिहायला वर्णनकार पाठवा.' नुसरतमॅडमनी कळवलं होतं की आजपासून 'उत्तम स्थितीत' एवढंच लिहिलेलं कुठलंही पान सूची स्वीकारणार नाही.

अण्णा खुर्ची ओढून बसले. चष्मा पुसला. आधी लिहिलेल्या ओळींखाली एकेक अक्षर शोधत त्यांनी आणखी लिहिलं. मी या वेळी खांद्यावरून वाकून वाचलं, त्यांनी वाचू दिलं.

'डोंगराचं पोट दुखलं तर हिला आधी कळतं. वर्षातून एकदा पाच वातींची समई लावावी. लहान मुलं जवळ खेळली तरी चालतात. भंगारात देऊ नये.'